पर्वरीची वाढ आणि रहिवाशांचे म्हणणे

पणजीहून मांडवी ओलांडली की बार्देश तालुक्यातील पर्वरीचे पठार लागते. येथे गृहनिर्माण मंडळाची वसाहत झाली, सचिवालय आले, 2000 साली विधानसभा संकुल उभे राहिले आणि त्यामागोमाग बहुमजली इमारती आल्या. म्हापशाकडून राजधानीकडे जाणारी वाहने आणि मुलांना शाळेत पोहोचविणारे पालक, या सर्वांचा भार एकाच राष्ट्रीय महामार्गावर पडू लागला.

रहिवासी विकासाच्या विरुद्ध आहेत, असा समज करून घेणे योग्य नव्हे. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हा पणजी गाठण्यासाठी फेरीबोटीवर अवलंबून राहावे लागले. तो अनुभव घेतलेल्यांना पुलाचे मोल सांगावे लागत नाही. त्यांचा आक्षेप आहे तो कामांच्या क्रमाविषयी. जेथे एक घर होते तेथे वीस सदनिका झाल्या, तर वाहनेही तितक्याच पटीने वाढतात. गडग्यांमधील वाट मात्र पूर्वीइतकीच अरुंद राहते. महामार्गावरील उड्डाणपुलामुळे दूरची वाहतूक वरून जाईल. परंतु वाड्यावाड्यांतील कोंडी त्याने सुटणार नाही.

याच उड्डाणपुलासाठी 2025 साली खाप्रेश्वर देवस्थानाजवळील जुना वड हलविण्यात आला. त्या वेळी लोक विरोधासाठी एकत्र आले. ज्या राखणदाराला हात जोडून गावकरी पुढे जात, ते स्थान नकाशावरील केवळ एक अडथळा ठरावे, याचे त्यांना दुःख होते.

अशा भावना काम सुरू होण्यापूर्वीच ऐकल्या जाणे सर्वांच्या हिताचे असते. बांधकामास नगर व ग्राम नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता लागते, तर परवाना पंचायत देते. 1994 च्या गोवा पंचायत राज कायद्याने ग्रामसभेच्या रूपाने नागरिकांना हक्काचे व्यासपीठ दिले आहे. लोकमताचे बळ किती असते, हे प्रादेशिक आराखडा 2011 जनतेच्या विरोधामुळे 2007 साली मागे घेण्यात आला, तेव्हा दिसून आले.

म्हणून नागरिकांनी ग्रामसभेस नियमित उपस्थित राहावे व आपले म्हणणे ठरावाच्या रूपाने नोंदवावे. अधिकाऱ्यांनीही परवान्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्या इमारतीकडे जाणारी वाट एकदा स्वतः चालून पाहावी.