महिन्याचे अडीचशे रुपये

साक्री तालुक्यातल्या गावातून रोज एस.टी.ने धुळ्याला बी.ए.साठी ये-जा करणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. अनुसूचित जातीची, आई-वडील शेतमजूर, घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून तिची फी भागते. फीखेरीज तिला निर्वाह भत्ताही मिळतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये या भत्त्याचे दर नव्याने ठरवले. त्यानुसार घरून ये-जा करणाऱ्या बी.ए., बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला वर्षाला ३,००० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला अडीचशे. याआधीचे दर २०१० चे होते आणि त्यात हाच भत्ता महिना ३०० रुपये होता. शैक्षणिक वर्षाचे दहा महिने धरले, तर तेव्हाही वर्षाचे ३,०००च होतात. मधल्या अकरा वर्षांत डाळ-तेलापासून एस.टी.च्या तिकिटापर्यंत सगळे महागले. तिचा भत्ता मात्र जिथल्या तिथे राहिला.

आता महाराष्ट्र सरकारचा हिशेब पाहा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. तिच्यात जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ४३,००० रुपये ठरले. त्यांपैकी २५,००० जेवणाचे, १२,००० खोलीचे आणि ६,००० बाकी खर्चाचे. एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या जेवणाला २५,००० लागतात, हे सरकारला मान्य आहे. मग गावाहून ये-जा करणाऱ्या मुलीचे सगळे वर्ष ३,०००त कसे काय बसते? ती घरी जेवते हे खरे. पण ते घर मजुरीवर चालते, आणि ती शिकत असल्यामुळे त्या घरातली एक मजुरी कमी झालेली असते.

खानदेशातल्या शिष्यवृत्त्यांची कहाणी या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत आहे. योजनांची वाण नाही. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, शिवाय डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि एसईबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. हे मोठे पाऊल आहे आणि त्याचे श्रेय सरकारला मनापासून द्यायला हवे. तरीही घरून ये-जा करणाऱ्यापर्यंत पोचणारी बहुतेक मदत फीभोवती फिरते. कॉलेजची फी भरली की विद्यार्थी शिकेल, असे तिने गृहीत धरले आहे.

महात्मा फुल्यांनी असे गृहीत धरले नव्हते. ऑक्टोबर १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शिष्यवृत्ती आणि शिक्षक हे दोन्ही प्रश्न मांडले. निव्वळ चढाओढीच्या परीक्षेवर दिलेल्या शिष्यवृत्त्या दिसायला न्याय्य असल्या, तरी त्यांच्यामुळे शिक्षण खाली झिरपत नाही. ज्या समाजांत शिक्षण पोचलेलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घडवावेत, नांगराची मूठ धरायला त्यांना लाज वाटू नये, आणि त्यांना महिना किमान १२ रुपये पगार द्यावा, हीही मागणी त्यात होती. शिष्यवृत्ती कोणाला द्यायची, त्यातून कोण शिक्षक व्हायचा आणि त्याने कोणाच्या मुलांना शिकवायचे, हा एकच विचार त्या निवेदनात सलग आहे. आपण पुढे त्याचे तुकडे केले. शिष्यवृत्ती एका खात्याकडे गेली, अध्यापक विद्यालये दुसऱ्याकडे आणि भरती तिसऱ्याकडे.

पुढचे टप्पे झपाट्याने सांगता येतात. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या पाठपुराव्यातून १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८ पासून ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी आर्थिक मागासांसाठी ‘ईबीसी’ सवलत आणली. उत्पन्नाची मर्यादा आधी ९०० रुपये होती, मग १,२०० झाली. आज साठी-सत्तरीत असलेल्या खानदेशातल्या कितीतरी मास्तरांनी आणि तलाठ्यांनी ईबीसीचा फॉर्म भरूनच कॉलेज पाहिले. २०१६ च्या मराठा मोर्चांनंतर ही मर्यादा आधी सहा आणि मग आठ लाखांवर गेली, आणि योजनेला शाहू महाराजांचे नाव मिळाले.

एक उदाहरण मात्र जरा थांबून पाहण्यासारखे आहे, आणि ते सरकारी नाही. अमळनेरला प्रतापशेठजींच्या औदार्यातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना तिथे राहून अभ्यास करता यावा म्हणून फेलोशिप दिली जाई. कोकणातला पांडुरंग सदाशिव साने नावाचा गरीब तरुण अशीच फेलोशिप घेऊन अमळनेरला आला आणि १९२४ मध्ये तिथल्याच हायस्कुलात शिक्षक झाला. १९३० मध्ये सत्याग्रहात उतरेपर्यंत तो तिथे शिकवत राहिला. छात्रालयाची जबाबदारी घेतली, मुलांची आईसारखी सेवा केली, मुलांसाठी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. साने गुरुजी खानदेशाला मिळाले, त्यामागे एक शिष्यवृत्ती आहे. तिने फक्त फी भरली नाही. तिने राहायची सोय केली, वेळ दिला आणि गावाशी नाते जुळवून दिले. आजच्या एकाही योजनेत या तिन्ही गोष्टी एकत्र नाहीत.

आज आधी कागद लागतात. २०१८ पासून जवळपास सगळा कारभार महाडीबीटी पोर्टलवर आला. पैसा थेट खात्यात जावा हा हेतू चांगला आहे आणि मधली गळती त्याने थांबलीही. पण चोपडा, शिरपूर, पारोळा अशा तालुक्याच्या गावी जून-जुलैत सेतू केंद्रापुढची रांग पाहिली, की मुलांच्या हातातली प्लास्टिकची फाइलच सगळे सांगते. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला (तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणजे दरवर्षी नवा), अधिवास, जातीचा दाखला, जात पडताळणी, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, मध्ये वर्ष गेले असेल तर गॅप सर्टिफिकेट. टोकरे कोळी, ठाकूर अशा जमातींच्या दाखल्यांचा वाद खानदेशात जुना आहे. तो कोर्टात आणि समित्यांपुढे चालू राहतो, आणि मधल्या काळात मुलाचा प्रवेश टांगणीला लागतो.

मार्कशीटवर आडनाव आधी येते, आधारवर नाव आधी. बी.एड.ला येणाऱ्या कितीतरी मुली लग्न झालेल्या असतात. त्यांची मार्कशीट माहेरच्या नावाची, रेशन कार्ड सासरचे आणि बँकेचे खाते दोन्हींच्या मधले. आधार कोणत्या खात्याला जोडले आहे, हे पुष्कळांना पैसे दुसरीकडे गेल्यावरच कळते. सिमकार्ड घेताना नकळत उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात हप्ता जमा होतो आणि मुलगी जुन्या पासबुकात एंट्री मारून घेण्यासाठी चकरा घालत राहते. साक्री, चाळीसगाव भागातली घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. आधारला जोडलेला मोबाइल बापाच्या खिशात, बाप परजिल्ह्यातल्या उसाच्या फडात आणि ओटीपी दहा मिनिटांचा. अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन आला की या साऱ्याची पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा वेळी कॉलेजातला शिष्यवृत्तीचा क्लार्क प्राचार्यांपेक्षा महत्त्वाचा ठरतो. तो खमका आणि कनवाळू असला, तर शेकडो मुले तरतात.

मॅट्रिकोत्तर योजनेत आता केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो त्याने सात दिवसांत कॉलेजला द्यावा, असा नियम आहे. हप्ता उशिरा आला, की कॉलेज फीसाठी मागे लागते. आणि नेमका त्याच आठवड्यात घरी कोणी आजारी पडले, तर ते पैसे दवाखान्यात जातात. पोटासाठी पैसे द्यायचे नाहीत आणि फीचे पैसे मात्र उपाशी घरातून जसेच्या तसे पुढे जावेत अशी अपेक्षा ठेवायची, हे माणसांना न ओळखणाऱ्या नियमाचे लक्षण आहे.

या सगळ्यात सर्वांत एकटा पडलेला विद्यार्थी म्हणजे उद्याचा शिक्षक.

जुन्या पिढीत व्हर्नाक्युलर फायनल झालेल्या मुलाला बोर्डाच्या शाळेत आधी नोकरी लागे. मग त्याला ट्रेनिंगला पाठवत आणि तिथे विद्यावेतन देत. त्या रकमेत चैन नव्हती, पण घर चाले आणि परत गेल्यावर शाळा वाट पाहत असे. आता क्रम उलटा आहे. आधी स्वतःच्या खर्चाने डी.एल.एड. किंवा बी.एड., मग टीईटी (महाराष्ट्रात २०१३ पासून), मग २०१७ पासूनची अभियोग्यता चाचणी, मग भरतीचे पवित्र पोर्टल, आणि निवड झाली तर तीन वर्षे शिक्षणसेवक. त्याचे मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकसाठी १६,००० झाले. त्याआधी कित्येक वर्षे ते ६,००० होते.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. अभ्यासक्रम सुधारावा म्हणून केलेला हा बदल योग्यच होता, पण गरीब विद्यार्थ्याचे एक जास्तीचे वर्ष त्यात कमाईविना जाते, याचा विचार कोणी केला नाही. या दोन वर्षांत किमान २० आठवडे शाळेत प्रत्यक्ष काम करावे लागते. त्यांतले १६ दुसऱ्या वर्षी, सलग शिक्षकासारखे. परिपाठ, तासिका, पाठ टाचण, पेपर तपासणे. त्या चार महिन्यांत दुकानात अर्धवेळ काम करता येत नाही, निंदणी-खुरपणीला जाता येत नाही आणि शाळेकडून एक पैसा मिळत नाही. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. तिच्यात पदवीधर प्रशिक्षणार्थ्याला महिना १०,००० रुपये विद्यावेतन आहे, आणि या योजनेतले कितीतरी तरुण जिल्हा परिषदेच्या शाळांतही रुजू झाले. त्याच शाळेत, त्याच वर्गात बी.एड.चा विद्यार्थी फुकट शिकवतो. त्याला विद्यावेतन नाकारायला एकही सबळ कारण मला सापडत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात यावर उत्तर लिहून ठेवले आहे. हुशार विद्यार्थी, विशेषतः ग्रामीण भागातले, शिक्षकी पेशात यावेत म्हणून चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी मोठ्या संख्येने शिष्यवृत्त्या द्याव्यात, आणि काही ग्रामीण भागांत शिक्षण पुरे झाल्यावर तिथेच नोकरीत प्राधान्य मिळेल अशी खास शिष्यवृत्ती असावी, असे ते धोरण सांगते. खानदेशाला हे जसेच्या तसे लागू पडते. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पहिलीत येणारे मूल घरी पावरी बोलते, भिलोरी बोलते. खाली तापीकाठी कुठे अहिराणी, कुठे लेवा गणबोली. अहिराणीत ‘आंडोर’ आणि ‘आंडेर’ म्हणजे मुलगा आणि मुलगी, हे ज्याला सांगावे लागत नाही, असा शिक्षक पहिल्या दिवशी त्या मुलाशी बोलू शकतो. अनुसूचित म्हणजेच पेसा क्षेत्रात शिक्षकासह काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखण्याची अधिसूचना २०१४ मध्ये निघाली. पदे राखली, पण त्या पदांपर्यंत पोचणारी मुले दोन वर्षे किंवा चार वर्षे काय खाऊन शिकतील, याची तरतूद तिच्या जोडीला आली नाही.

बाहेर हे कसे करतात? सिंगापूरमध्ये शिक्षक होऊ घातलेल्याला प्रशिक्षणाच्या काळातच पगार मिळतो आणि नंतर काही वर्षे नोकरीचे बंधन असते. अमेरिकेत ‘टीच ग्रँट’ आहे. वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत मदत, आणि बदल्यात गरीब वस्तीतल्या शाळेत चार वर्षे शिकवायचे. पण तिथेही दरवर्षीचा एक कागद चुकला म्हणून प्रत्यक्षात शिकवत असलेल्या हजारो शिक्षकांचे अनुदान कर्जात बदलले आणि मोठा गहजब झाला. कागदांच्या जाचाने चांगली योजना कशी नासते, हे आपल्या जिल्ह्यांनी त्यावरून ओळखावे.

बंधन घालण्याला माझा विरोध नाही. मात्र ते दोन्ही बाजूंनी पाळले पाहिजे. खानदेशाच्या शिवेवरच्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला पाठवले, तेव्हा दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला होता. आंबेडकर १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याला गेले. पण त्या शहरात त्यांना राहायला कोणी घर दिले नाही आणि त्यांना परतावे लागले. शिष्यवृत्ती उत्तम होती, करार पाळायला ते आलेही. घराची तजवीज मात्र कोणी केली नव्हती. सातपुड्याच्या पाड्यावर नेमणूक झालेल्या एकट्या शिक्षिकेची खोली, पावसाळ्यातली वाट आणि रात्रीचा दिवा या गोष्टी करारात लिहिल्या जाव्यात, असे मला वाटते ते यामुळेच.

अशा शिष्यवृत्तीचा हिशेब फार मोठा नाही. स्वाधारचाच जिल्हास्तरीय दर धरला, तर दोन वर्षांच्या बी.एड.साठी एका विद्यार्थ्यामागे ८६,००० रुपये होतात. इंटर्नशिपच्या चार महिन्यांचे विद्यावेतन युवा प्रशिक्षणाच्या दराने जोडले, तर आणखी ४०,०००. एकूण १ लाख २६ हजार. एवढ्यात चोपड्याच्या किंवा साक्रीच्या डोंगरातल्या शाळेला तिथली बोली जाणणारी शिक्षिका मिळते आणि ती पुढची तीसएक वर्षे तिथल्या मुलांना शिकवते. पहिल्या टप्प्यात वर सांगितलेल्या पाच तालुक्यांतले थोडेच विद्यार्थी घ्यावेत. यावल आणि धुळे इथली आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये, जळगाव-धुळ्याच्या दोन्ही जिल्हा परिषदा आणि जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ यांनी एकत्र बसून त्यांची यादी करावी, आणि पहिला हप्ता जुलैत, एस.टी.चा पास काढायच्या आत, त्यांच्या खात्यात जमा करावा.