ओव्हरक्लॉकिंग करताय? मग मे महिन्याच्या दुपारी तपासा

प्रोसेसर तापला की तो ओरडून सांगतो. पंखा घरघरतो, वेग कमी होतो, कधी कॉम्प्युटर बंदच पडतो. मेमरी मात्र चुकते आणि गप्प बसते. ओव्हरक्लॉकिंगबद्दल मला शिकायला मिळालेली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती मी यवतमाळच्या आमच्या घरात, बाबांचा उधारीचा हिशोब बिघडवून शिकलो.

घरच्या कॉम्प्युटरवर रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि ३२०० ची १६ जीबी डीडीआर४ रॅम. दिवसा मी त्यावर पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करायचो, संध्याकाळी गेम, आणि रात्री बाबा त्यांच्या कृषी केंद्राची उधारी एक्सेलमध्ये भरायचे. डिसेंबरात मी रॅम ३२०० वरून ३६०० वर नेली. अर्धा तास टेस्ट चालवली, सगळं हिरवं. गेममध्ये पाच-सात फ्रेम वाढल्या. मी खूश.

मे महिन्यात एक झिप फाइल उघडेना. मग एका फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी झाला. मी म्हटलं, हार्ड डिस्क जुनी झाली असेल. आणि ऐन बियाण्याच्या हंगामाच्या तोंडावर उधारीची फाइल उघडायला नकार देऊ लागली. पेन ड्राइव्हवरचा बॅकअप काढला, तर तीही बिघडलेलीच. कारण बॅकअप त्याच मेमरीतून जात होता! बाबांनी शांतपणे कपाटातून लाल वही काढली आणि म्हणाले, "हे मशीन पळवून तुले काय भेटते?" वहीवरून तीन आठवड्यांच्या नोंदी पुन्हा भरायला मला दोन रात्री लागल्या. वही नसती तर कोणाकडून किती यायचे हे कळायला मार्गच नव्हता.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमकं काय?

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो: बेस क्लॉक, जो साधारण १०० मेगाहर्ट्‌झ असतो, आणि मल्टिप्लायर. मल्टिप्लायर ४२ म्हणजे ४.२ गिगाहर्ट्‌झ. तो वाढवला की वेग वाढतो, पण एका मर्यादेनंतर चिपला जास्त व्होल्टेज लागतं. खरी किंमत तिथे मोजावी लागते.

चिप खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ४.० गिगाहर्ट्‌झला १.२० व्होल्ट लागतात आणि ४.३ साठी तुम्ही १.३५ दिले. वेग वाढला साडेसात टक्के. वीज आणि तिच्यासोबत उष्णता वाढली जवळपास ३६ टक्के. म्हणून शेवटचे १०० मेगाहर्ट्‌झ सगळ्यात महाग पडतात.

आधी बघा, तुमच्याकडे सोय आहे का

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडी रायझनमध्ये 'बी' किंवा 'एक्स' मालिकेचा बोर्ड सहसा चालतो. ए३२०, ए५२० वर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग होत नाही. लॅपटॉप असेल तर हा विषय सोडून द्या.

रायझनवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. सगळ्या कोअरना एकच वेग बांधून दिला की एकेका कोअरला आपोआप मिळणारी उसळी बंद होते. ३६०० ला एका कोअरवर ४.२ पर्यंत जाता येतं. तुम्ही सगळ्यांना ४.१ वर बांधलं, तर काही कामांत कॉम्प्युटर उलट हळू होईल.

विदर्भाचं गणित वेगळं का?

इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ एसीच्या खोलीत बनतात. प्रोसेसरचा पंखा असो की लिक्विड कूलिंग, दोन्ही चिपची उष्णता खोलीतल्या हवेत टाकतात. खोलीपेक्षा थंड ते करू शकत नाहीत. त्यामुळे खोली जितकी अंश तापते, साधारण तितकाच प्रोसेसरही. डिसेंबरात माझी खोली २२ अंशांवर होती आणि प्रोसेसर पूर्ण लोडवर ६८. मे महिन्यात दुपारी खोली ३९, म्हणजे प्रोसेसर ८५. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ आहे. हिवाळ्यात सेटिंग करत असाल तर २० अंशांची जागा राखूनच ठेवा.

आणि खोलीतला कूलर थेट कॅबिनेटवर सोडू नका. ओलसर हवा आणि धूळ मिळून पंख्यावर आणि हीटसिंकवर चिकट थर बसतो, मग उष्णता आणखी अडकते.

मेमरी उन्हाळ्यातच का चुकली?

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. हे बारीक भोक असलेल्या भांड्यासारखं असतं. भार सतत गळत राहतो, म्हणून रॅम दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ पुन्हा भरून घेते. तापमान वाढलं की गळती वाढते. ओव्हरक्लॉक करताना आपण वेळेची सूट आधीच काढून घेतलेली असते. मग हिवाळ्यात काठावर पास झालेली सेटिंग उन्हाळ्यात नापास होते. एखादा शून्य एक होतो, तीच फाइल सेव्ह होते, आणि विंडोज काही बोलत नाही. घरगुती रॅममध्ये चूक पकडणारी पूर्ण ईसीसी यंत्रणा सहसा नसते.

मी दुपारी तीन वाजता मेमटेस्ट८६ चालवलं, तर ३६०० वर लाल ओळीच ओळी. ३२०० वर एकही नाही.

सुरक्षित क्रम

१. बॅकअप घ्या आणि ती ड्राइव्ह काढून ठेवा. ओव्हरक्लॉकिंगच्या काळात जुन्या बॅकअपवर नवा चढवू नका.

२. आधी एक्सएमपी चालू करा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. ३२०० ची रॅम तिथे २४०० किंवा २६६६ दाखवत असेल, तर बायोसमधलं एक्सएमपी, काही बोर्डवर डीओसीपी, बंद आहे. डीडीआर४ चं साधं व्होल्टेज १.२ असतं, एक्सएमपीवर सहसा १.३५ होतं. बहुतेकांनी इथेच थांबलं तरी चालेल.

३. मेमटेस्ट८६ चे चारही पास पूर्ण होऊ द्या. एक जरी चूक आली तरी ती सेटिंग नापास. "एकच तर आहे" चालत नाही.

४. मगच प्रोसेसर. एका वेळी १०० मेगाहर्ट्‌झ, एका वेळी एकच बदल. सिनेबेंच दहा मिनिटं, मग ओसीसीटी एक तास. शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीया' नावाच्या नोंदी दिसल्या तर एक पायरी खाली या.

५. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडून निश्चिंत राहू नका. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाले, तेव्हा एएमडीला बायोस अपडेट देऊन एसओसी व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालावी लागली. म्हणून ताजं बायोस टाका, पण यूपीएस चालू असतानाच. मधेच लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

६. कॉम्प्युटर सुरूच झाला नाही तर घाबरू नका. प्लग काढून बोर्डवरचा गोल सेल काही मिनिटं बाहेर ठेवला की बायोसची सेटिंग सहसा मूळपदावर येते.

७. मे महिन्यात, भर दुपारी, तिसरी आणि चौथी पायरी पुन्हा करा.

मर्यादेबाहेर चालवलेल्या भागांची वॉरंटी कंपनी नाकारू शकते, आणि एक्सएमपीही ओव्हरक्लॉकिंगमध्येच मोजलं जातं, हे माहीत असू द्या.

आता माझी रॅम ३२०० वर आहे आणि प्रोसेसर कंपनीने दिला तसाच. गेलेल्या पाच-सात फ्रेम मला जाणवतही नाहीत. फक्त गेमसाठी वेगळा कॉम्प्युटर असेल तर जरूर खेळून बघा, शिकायला खूप मिळतं. पण ज्या मशीनवर घरातल्या कोणाचा हिशोब, कोणाचा प्रोजेक्ट किंवा लग्नाचे फोटो आहेत, ते माझ्यासारखं काठावर नेऊ नका. बाबा अजून एक्सेल भरतात. पण आधी वहीत लिहितात, आणि मी काही बोलत नाही.