दगडांची सभासद-नोंदणी



युनियनच्या कचेरीत नवा कार्यकर्ता आला की मी त्याला पहिल्याने भाषण शिकवीत नाही, नोंदणीपुस्तक हाती देतो. ज्याचे नाव, खाण आणि हजेरी क्रमांक पुस्तकात नाही, त्याच्यासाठी तुम्ही कितीही घसा कोरडा करा, वाटाघाटीत त्याची गणती होत नाही. दगडांचेही तसेच आहे, हे कळायला मात्र मला एक पेटीभर नुकसान सोसावे लागले.

आमच्या चंद्रपूरकडे कोळशाबरोबर पापुद्रेदार काळपट दगड निघतो. तो नीट फोडला तर कधी कधी आत जिभेच्या आकाराचे पान उमटलेले दिसते. मधोमध ठळक शीर आणि दोन्ही अंगांना शिरांची जाळी. याचे नाव ग्लोसोप्टेरिस. १८२८ साली ब्रोंन्यार या फ्रेंच पंडिताने ते ठेवले. त्याला हा नेचा वाटला होता. बी धरणारी ही वनस्पती होती हे मागाहून ठरले. वय म्हणाल तर २५ ते ३० कोटी वर्षे. कामगारांनी परवानगीने आणून दिलेले असे तीनएकशे दगड माझ्या घरी जमले. (संरक्षित जीवाश्म-उद्यानातून मात्र खडाही उचलू नये.)

या पानाचे मोल कशात आहे? कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना उपासमारीने आणि थंडीने मेले. चालवत नव्हते तरी त्यांनी ओढत आणलेले सुमारे ३५ पौंड दगड शेवटच्या तंबूपाशी सापडले, आणि त्यांत हेच पान निघाले. ते बियर्डमोर हिमनदीच्या परिसरातले, हे माहीत होते म्हणूनच त्याची साक्ष मोठी ठरली. जे झाड आपल्याकडे, तेच आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि त्या बर्फातही. म्हणजे ही भूमी एके काळी सलग होती. त्या भूखंडाला नाव मिळाले तेही आपल्या मध्य भारतातल्या गोंडवनावरून. आता कल्पना करा, ते दगड कुठले हेच कोणास ठाऊक नसते तर? मग ते निव्वळ ओझे.

माझ्या एका लाकडी पेटीला वाळवी लागली. दगडांना तिने काय करावे? चिठ्ठ्या तेवढ्या खाल्ल्या. ३१ दगड एका पावसाळ्यात बेवारस झाले. तेव्हापासून क्रमांक दगडावरच घालतो. पान नसलेल्या बाजूस पांढऱ्या रंगाचा लहानसा ठिपका, त्यावर काळ्या शाईने आकडा आणि वरून पारदर्शक रोगणाचा हात. आकडा साधा, चढत्या क्रमाचा. त्यात गावाचे किंवा वनस्पतीचे अक्षर कोंबण्याचा मोह होतो, पण उद्या जाणकाराने वनस्पतीचे नाव बदलले की आकडाच खोटा पडतो. दगड फुटून पानाचे दोन ठसे निघाले, तर आकडा एकच, पुढे अ आणि ब.

नोंद संगणकावर. त्यासाठी खर्चिक काही लागत नाही. लिब्रऑफिससारखे फुकट मिळणारे साधन पुरते. पण कोष्टके दोन हवीत, एक दगडांचे, दुसरे ठिकाणांचे. भद्रावती म्हणा की भांदक म्हणा, आपल्याला गाव एकच. संगणकाच्या लेखी दोन. म्हणून ठिकाणाचे नाव, मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश आणि थराचे वर्णन एकदाच लिहून त्यास आकडा द्यावा, आणि दगडाच्या ओळीत तेवढा आकडा मांडावा. खाणीचा पत्ता आपण प्रत्येक सभासदाच्या पावतीवर लिहीत बसतो काय? बाकी रकाने कोणाला सापडला, केव्हा, कोणत्या पेटीत आहे, यांचे. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिली की यादी आपोआप काळानुसार लागते. छायाचित्रात शेजारी मोजपट्टी असावी.

वनस्पतीच्या नावासोबत ते कोणी ठरवले आणि कधी, हेही लिहावे. पुढे दुरुस्ती झाली तरी जुने नाव खोडू नये. जुने ठराव आपण इतिवृत्तातून फाडतो का? सर्व कोष्टकांची प्रत साध्या मजकुराच्या स्वरूपातही ठेवावी, म्हणजे आजचे साधन बंद पडले तरी ती वाचता येईल. एक प्रत दुसऱ्या घरी असू द्यावी. मी छापील प्रतही ठेवतो. मुले हसतात, हसोत.

राहिले ते ३१ दगड. अदमासाने खाणीचे नाव घालणे सोपे होते, कोण तपासणार? पण खोटे सभासद दाखवून फुगवलेली यादी मी आयुष्यात पाहिली आहे, आणि ऐन प्रसंगी ती कशी फुटते तेही. म्हणून त्यांच्यापुढे ‘ठिकाण अज्ञात’ एवढेच लिहिले. त्यांतला एक मोठा, तीन पानांचा दगड कोणी दिला ते आठवत होते. देणारा वारला होता. त्याच्या मुलीला छायाचित्र दाखवले. तिने ते ओळखले, खाणीचे नाव सांगितले, आणि बाबांनी तो सायकलला बांधून आणला होता असेही म्हणाली. खाणीचे नाव मी लिहिले. पुढच्या रकान्यात ‘मुलीच्या आठवणीवरून’ असे घातले, आणि त्या दिवसाची तारीख.