तंबोरा, मूग आणि कपाटातली रिळे

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी गाणे म्हणजे तंबोरा लागल्यावर सुरू होणारी गोष्ट. म्हणून भाच्याने, “मामा, दिवा मालवून ऐका,” असे बजावून ‘द एनआयडी टेप्स’ हा संग्रह लावला, तेव्हा प्रथम वाटले, पाण्याचा पंप बिघडला असावा! खालून येणारी संथ घरघर, मध्येच एखादी किंकाळी, पुन्हा काळोख. दहा मिनिटांनी मात्र ते बंद करावे हेच मी विसरलो होतो.

हे संगीत परदेशातले नव्हे; आपल्यापासून दोन तासांच्या वाटेवरचे, अहमदाबादचे. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवून ध्वनिशाळा उभारली. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तिच्यात केलेल्या रचना या संग्रहात आहेत. यांपैकी गीताबेन पखवाज शिकलेल्या. १९४६ साली न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवून त्यांनी त्यांच्याकडून पाश्चात्य काउंटरपॉइंट घेतला होता.

माथुरांच्या एका रचनेचे नाव ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’. मला ती थट्टा वाटली नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून आपण जवारी लावतो, ती एका स्वरातले वरचे स्वर मोकळे व्हावेत म्हणून. मूगमध्ये ऑसिलेटर एक भरीव नाद धरून ठेवतो आणि फिल्टर त्यातले वरचे स्वर छाटतो, पुन्हा सोडतो. रागाची बढत मात्र येथे शोधू नये. काही तुकडे तर नुसते यंत्राशी खेळणेच आहेत, हेही सांगितले पाहिजे.

या फिती जवळजवळ पन्नास वर्षे संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. लंडनचे कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली हा संग्रह निघाला. जुन्या फितींवरचा लेप दमट हवेत पुष्कळदा चिकट होऊन सुटू लागतो. आणखी किती पावसाळे त्या तगल्या असत्या?

आमच्याकडेही एक रीळ होते. आत्याचा मारवा. पुढे घरातल्याच कोणी त्यावर लग्नातली सनई भरून घेतली. परवा ते रीळ भाच्याला काढून दिले. पुसलेले परत येत नाही, असे तो म्हणतो. पण सनई संपल्यावर थोडी फीत उरते, एवढे मला आठवते. तेवढी लावून पाहीन, असे सांगून तो ते घेऊन गेला आहे.