पाळण्याची कडी

बाणेर, खराडी, हडपसर इथल्या नव्या सदनिकांच्या छतात बरंच काही असतं. पीओपीची नक्षी असते, त्यात दडवलेले दिवे असतात, एसीची नळी असते. पाळणा टांगायची कडी मात्र नसते. घरात बाळ येणार म्हटलं की भिंतीवर ढग काढायचे की हत्ती, पडदे पिवळे हवेत की पोपटी, यावर दोन्हीकडच्या आज्या, मावश्या, आत्या मतं देतात. इंटिरियरवाले आराखडे आणतात. आठवा लागल्यावर कुणीतरी विचारतं, "पण पाळणा कुठे बांधायचा?" तोवर छत बंद झालेलं असतं.

बाळासाठी वेगळी खोली ही रीत मुळात इंग्लंडातल्या श्रीमंत घरांची. एकोणिसाव्या शतकात तिथे वरच्या मजल्यावर मुलं आणि त्यांना सांभाळणारी बाई राहत आणि आईवडील ठरल्या वेळी भेटत. पुढे ती रीत मासिकांतून, सिनेमांतून जगभर पसरली आणि आता पुण्याच्या तीन बीएचकेत पोचली आहे. गंमत अशी, की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा 2022 सालचा सल्ला बरोबर उलट आहे: किमान पहिले सहा महिने बाळानं आईवडिलांच्याच खोलीत झोपावं, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर. म्हणजे आईची बाज आणि शेजारी पाळणा. पुण्याच्या वाड्यातली बाळंतिणीची खोली अशीच तर असायची.

माजघराला लागून एक-दोन खणांची जागा. जमीन शेणानं सारवलेली, भिंतीत कोनाडा, कोनाड्यात तेलाची वाटी आणि काजळाची डबी. न्हाणीघरात तांबट आळीतला तांब्याचा बंब सकाळपासून धडधडत असे. आणि डोक्यावर कडीपाट: जाड तुळया, त्यांवर आडव्या लाकडी कड्या, वर फळ्यांचं आच्छादन. कसबा, नारायण, सदाशिव पेठेत जे वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या माजघरात गेल्यावर मान वर करून पाहावं. तुळईत ठोकलेल्या लोखंडी कड्या दिसतात. झोपाळ्याच्या कड्या जाड आणि एकमेकींपासून लांब. पाळण्याची कडी त्यामानानं बारीक आणि भिंतीच्या बाजूला, म्हणजे आजीला तांदूळ निवडता निवडता पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून झोका देता येईल अशी.

ही कडी उंचावर असण्यात मोठं शहाणपण आहे. झोक्याला लागणारा वेळ बाळाच्या वजनावर ठरत नाही, दोरीच्या लांबीवर ठरतो. शाळेत शिकलेला लंबकाचा नियम तो हाच. छतापासून सव्वादोन मीटर खाली टांगलेल्या पाळण्याचा एक पूर्ण झोका सुमारे 3 सेकंदांचा होतो. बाजारात मिळणाऱ्या लोखंडी स्टँडच्या पाळण्यात लटकती लांबी 60 सेंटीमीटरच्या आसपास असेल, तर तोच झोका दीड सेकंदात संपतो. एक झोका संथ येतो, दुसरा घाईघाईनं. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली मोठ्या माणसांना हलत्या पलंगावर दुपारची झोप घ्यायला लावली, तेव्हा पलंगाच्या एका झोक्याला 4 सेकंद लागत होते आणि स्थिर पलंगापेक्षा झोप लवकर लागली. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं, की आई बाळाला घेऊन चालू लागली की त्याचं रडणं थांबतं आणि हृदयाचे ठोकेही मंदावतात. अंगाई म्हणत येरझाऱ्या घालणाऱ्या बायकांना हे ठाऊक होतंच, आता त्याला मोजमाप मिळालं. छताला टांगलेल्या लांब दोरीच्या पाळण्याचा झोका स्टँडच्या पाळण्यापेक्षा या संथ झोक्याच्या जवळ जातो.

पाळण्यांचे प्रकारही पाहण्यासारखे. सागवानी, खरादावर कातलेल्या दांड्यांचा, पितळी साखळ्यांचा पाळणा घराण्याचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या फिरतो. बुरुडांनी विणलेला बांबूचा किंवा वेताचा पाळणा हलका आणि हवेशीर. जुन्या मऊ नऊवारीची झोळी तर कुठेही होते, उसाच्या फडाकडेच्या झाडालाही. सावंतवाडीच्या चितार आळीतलं रंगीत लाकूडकाम पाहायला मुद्दाम वाट वाकडी करावी. तिथला तीन चाकांचा पांगुळगाडा बाळ स्वतः उभं राहून ढकलतं. ज्यात बसवून पाय लोंबकळत ठेवतात तो प्लॅस्टिकचा वॉकर वेगळा. त्यातून मुलं जिन्यावरून कोसळतात म्हणून कॅनडानं 2004 साली त्याची विक्रीच बंद केली.

देवालाही पाळणा लागतोच. रामनवमीला दुपारी बारा वाजता तुळशीबागेतल्या राममंदिरात जन्म होतो, पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. आणि मंदिराच्या भोवतीच्या दुकानांत भातुकली, खुळखुळे, झबली-टोपडी विकायला असतात. बाळाची खोली सजवायची तर खरेदीची सुरुवात इथून करावी, मॉलमधून नव्हे.

वाड्यातल्या खोलीची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. ती खोली अंधारी असे, दार-खिडकी लावलेली, शेगडीच्या धुरानं कोंदलेली. कितीतरी बाळं बारसं होण्याआधीच गेली. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. त्यानंतर त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. 1886 साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यातच त्या गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून दारं बंद करण्याचा आग्रह आजही कुणी धरला, तर तो मोडायलाच हवा. बंद खोलीतला कोळशाचा वायू बाळाचा जीव घेऊ शकतो.

आणि पुण्यात बाळांसाठी तयार केलेली सर्वांत मोलाची जागा कोणती, असं विचारलं तर उत्तर एकच: गंज पेठेतला फुले वाडा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 साली आपल्या राहत्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, सुखरूप बाळंत व्हावं, हवं तर मूल तिथेच ठेवून जावं. 1884 सालापर्यंत 35 विधवा तिथे बाळंत झाल्या, असं जोतीरावांनीच लिहून ठेवलं आहे. त्यांतली बहुतेक बाळं वाचली नाहीत, कारण पोटात असतानाच त्यांच्यावर औषधांचा मारा झाला होता. जी वाचली, त्यांचं संगोपन झालं. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्यानं दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंच्या बरोबरीनं रुग्णांसाठी झटला. वाडा आज स्मारक आहे. अंगण लहान, खोल्या साध्या, छत बसकं. घरात बाळ येणार असलेल्या प्रत्येक जोडप्यानं तिथे एकदा जाऊन यावं.

आता नूतनीकरणाकडे. रंगाचं काम आधी. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या वर नसावं, असा नियम भारतात 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात शिसं असू शकतं. म्हणून जुनी दारं, गज, आजोळहून आलेला रंगीत पाळणा कोरडा घासू नये. ती धूळ मेंदूला बाधते. लाकूड ओलं करून खरवडावं आणि गर्भवतीनं त्या वेळी दुसऱ्या घरी राहावं. पावसाळ्यात पुण्यातल्या घरांच्या पश्चिमेकडच्या भिंतींना ओल येते आणि तिच्यावर लावलेला रंग फुगतो, म्हणून आधी गळती शोधावी, मग ढग आणि हत्ती. त्याच्याही आधी खिडक्यांना जाळी. 2024 च्या पावसाळ्यात शहरात झिकाचे रुग्ण सापडले आणि त्यांत अनेक गर्भवती होत्या. डेंगी तर दरवर्षीचाच. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा पाळणा खिडकीखाली नको.

कडी बसवायची असेल तर छत बंद करण्याआधीच कंत्राटदाराला सांगावं. तिचा भार पीओपीवर नव्हे, थेट स्लॅबवर यायला हवा. पंख्याच्या हुकाला पाळणा अडकवू नये. अँकर बसवून झाला की पन्नास किलोचं पोतं रात्रभर टांगून ठेवावं आणि सकाळी पाहावं. पाळण्याच्या दांड्यांमध्ये 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. गादी सपाट आणि घट्ट हवी. उशी, लोड, मऊ खेळणी आत नकोत. बाळ उताणंच झोपवावं. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, म्हणून रात्रभराच्या झोपेसाठी झोळी नकोच. बाळ कुशीवर वळायला लागलं की पाळण्याचं काम संपलं.

सजावटीचं म्हणाल तर तान्ह्या बाळाला 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, आणि तेही ठळक, काळं-पांढरं. समोरच्या भिंतीवरचे फिकट ढग त्याला दिसतच नाहीत. त्याऐवजी पाळण्यावर कापडी चिमण्या टांगाव्यात, तोंडाच्या बरोबर वर नव्हे तर थोड्या बाजूला. पाचवा महिना लागला की त्या काढून ठेवाव्यात, कारण मग हात पोचतो आणि दोरा तोंडात जातो. भिंतीवर होणारा अर्धा खर्च जाळीवर, कडीवर आणि चांगल्या गादीवर करावा.

पेठांमधले वाडे झपाट्यानं पुनर्विकासाला जात आहेत. तुमच्या घराण्याचा वाडा अजून उभा असेल, तर करारावर सही करण्याआधी बाळंतिणीची खोली कोणती ते घरातल्या थोरल्या बाईला विचारा, तिचं माप घ्या, तुळईतल्या कडीचा फोटो काढा आणि पाळणा भंगारात देऊ नका.