आंतून मोडलेलें इंजिन

महाराष्ट्रांत आष्टी नांवाचीं गांवें अनेक आहेत. येथें अभिप्रेत आहे तें बीड जिल्ह्यांतील, पर्जन्यछायेंतील तालुक्याचें ठिकाण. चैत्र सरतां सरतां तिकडील विहिरींनीं तळ दाखविला म्हणजे त्यांच्या कांठावरील तेलइंजिनांचे दुखण्याचे दिवस सुरू होतात. विजेचे पंप आल्यापासून या इंजिनांचें राज्य पुष्कळच आटोपलें आहे. तरी जेथें वीज पोंचत नाहीं किंवा वेळेवर मिळत नाहीं, तेथें तीं अजून कामास येतात. उन्हाळी कांद्याला शेवटचीं दोन पाणीं द्यावयाचीं राहिलीं असतां असें इंजिन एकाएकीं अडखळून थांबावें आणि हँडल तसूभरहि हलूं नये, म्हणजे त्या घरावर काय प्रसंग गुदरतो, याची कल्पना नळाचें पाणी पिणारास सहज येणार नाहीं. मिस्त्री येतो, घाईनें एक-दोन भाग बदलतो, इंजिन चालू होतें. आणि पंधरा दिवसांनीं तेंच इंजिन त्याच जागीं पुन्हा थांबतें. दोष मिस्त्रीच्या हाताचा असतोच असें नाहीं. मोडलेला भाग हा बहुधा दुखण्याचा परिणाम असतो. कारण निराळ्याच ठिकाणीं दडलेलें असतें.

या इंजिनांचा एक प्रसिद्ध नमुना म्हणजे इंग्लंडांतील डर्स्ली गांवच्या लिस्टर कंपनीचें संथ गतीचें इंजिन. मूळ कंपनीनें तें १९८७ पर्यंत केलें, आणि राजकोटच्या कारखान्यांनीं त्याच्या हुबेहुब प्रतिकृती काढल्या. आपल्याकडे किर्लोस्करांचा तेलइंजिनांचा कारखाना १९४६ सालीं पुण्यास निघाला. लिस्टरच्या एका नळकांड्याच्या, सहा अश्वशक्तीच्या इंजिनाचा व्यास सुमारें ११४ मिलिमीटर, दट्ट्याची धांव सुमारें १४० मिलिमीटर, आणि फेरे मिनिटास ६५०. दट्ट्या, ज्याला कारखान्यांत पिस्टन म्हणतात, वर जातांना हवा इतकी दाबतो कीं ती तापून लाल होण्याच्या बेतास आलेल्या लोखंडासारखी उष्ण होते. तींत डिझेलचा फवारा सोडतांच तो आपोआप पेटतो. ठिणगीची गरज नाहीं. रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें हें तत्त्व व्यवहारांत उतरवून दाखविलें. पेटलेला वायु दट्ट्यास खालीं ढकलतो, आणि पायानें चालवावयाच्या शिवणयंत्रांत पायाची हालचाल दांडीच्या योगें चाकास फिरविते, तशीच दट्ट्याची वरखालीं धांव क्रँकला फिरविते.

या सर्व घासाघाशींत धातूला धातु प्रत्यक्ष लागत नाहीं, ही यांतील खरी खुबी होय. मध्यें वंगणाचा पातळ पापुद्रा असतो. तो आहे तोंवर इंजिन आहे.

आतां आष्टीच्या विहिरीकडे वळूं. इंजिन थंड ठेवण्यासाठीं त्याच्या नळकांड्याभोंवतीं पाणी खेळविण्याची पोकळी असते. कोठें त्यासाठीं वेगळी टांकी असते. पण शेतावर पुष्कळ ठिकाणीं पंपानें उपसलेल्या पाण्याचीच एक बारीक धार तींतून फिरवितात. सोय मोठी नामी; पण विहीर आटली, पंपानें हवा ओढली कीं पिकाचें पाणी तुटतें आणि त्याच क्षणीं इंजिनाचेंहि तुटतें. भार उतरल्यानें इंजिन हलकें होऊन चालत राहतें, म्हणून दूर बांधावर असलेल्या माणसास कांहींच कळत नाहीं. १९७२ चा दुष्काळ किंवा २०१२-१३ ची टंचाई यांसारख्या वर्षीं माणसाबरोबर यंत्राचाहि घसा कोरडा पडतो, तो असा.

पुढें काय घडतें तें साध्या गणितानें समजतें. अॅल्युमिनियम हा धातु उष्णतेनें लोखंडाच्या सुमारें दुप्पट फुगतो. ११४ मिलिमीटर व्यासाचा अॅल्युमिनियमचा दट्ट्या नेहमींपेक्षां १०० अंश अधिक तापला तर तो पाव मिलिमीटरहून किंचित् जास्त वाढतो. बाहेरचें लोखंडी नळकांडें तितकेंच तापलें तरी त्याच्या निम्म्यानेंच वाढतें. मधली मोकळीक संपते, पापुद्रा फाटतो, धातु धातूला चिकटतो. अशा वेळीं घाबरून तापलेल्या इंजिनावर घागरभर थंड पाणी ओतणें हा तर शुद्ध आत्मघात. त्यानें हेडला तडा जातो. इंधन बंद करावें आणि इंजिन आपोआप निवूं द्यावें. अडकलेल्या हँडलवर दोघा-तिघांनीं जोर करणेंहि तितकेंच घातक आहे.

चांगला कारागीर पाना हातीं घेण्यापूर्वीं तळचें वंगण पांढऱ्या थाळींत काढतो. तें दुधाळ असेल तर आंत पाणी शिरलें आहे. त्यांत चकाकणारे कण असतील तर साधा लोहचुंबक फिरवावा. चुंबकास चिकटले ते लोखंडाचे, म्हणजे रिंगा किंवा नळकांडें झिजलें. न चिकटणारे मऊ करडे कण दट्ट्याच्या अॅल्युमिनियमचे, नाहींतर क्रँकभोंवतींच्या बेअरिंगच्या पांढऱ्या धातूचे. हा कथिलप्रधान मिश्रधातु मुद्दाम मऊ केलेला असतो. घाण आली तर ती तो स्वतःच्या अंगांत रुतवून घेतो, आणि आग झाली तर स्वतः वितळून क्रँकला वांचवितो. या भागांतील दुसरा शत्रु धूळ. हवा गाळण्याचें भांडें वेळेवर धुतलें नाहीं तर माळावरची बारीक धूळ वंगणांत मिसळते आणि पॉलिशचें काम करूं लागते. मग नळकांडें वरच्या टोकाशीं सर्वांत अधिक झिजतें. तेथें बोट फिरवितांच कांठ लागतो.

यापुढचें काम मोजमापाचें. क्रँकचा गोल भाग निरनिराळ्या दिशांनीं मायक्रोमीटरनें मोजावा. डोळ्याला गोल दिसणारी वस्तु मापांत अंडाकृति निघते. तो घासून पुन्हा गोल करतांना पाव पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनीं उतरतात, कारण बेअरिंगें त्याच मापांचीं मिळतात. घासणारानें बाजूच्या भिंतीशीं असलेला गोलसर कोपरा राखला नाहीं, तो काटकोनी केला, तर क्रँकला तेथेंच चीर पडून तो कालांतरानें तुटतो. मोकळीक ठेवावयाची ती व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी. पन्नास मिलिमीटरच्या क्रँकला ०.०५ मिलिमीटर, म्हणजे बहुधा माणसाच्या केंसाच्या जाडीहूनहि कमी. रिंगेच्या दोन टोकांमध्येंहि सुमारें ०.४ मिलिमीटर फट हवी. तीं तापून एकमेकांस भिडलीं तर रिंग मोडते आणि नव्या नळकांड्यावर ओरखडे काढते. घाईच्या दुरुस्तींत हेंच मोजणें वगळलें जातें.

हौशी धनिकांच्या जुन्या शर्यती मोटारींसहि हाच न्याय लागू आहे. एम. जी. कंपनीची टी. सी. ही दोन आसनांची गाडी घ्या. १९४५ ते १९४९ या काळांत अॅबिंग्डन येथें अशा दहा हजार गाड्या झाल्या. इंजिन चार नळकांड्यांचें, १२५० घनसेंटिमीटरचें. धांव ९० मिलिमीटर. पूर्ण शक्ति मिनिटास ५,२०० फेऱ्यांवर. हिशेब केला तर तिचा दट्ट्या सेकंदास सरासरी साडेपंधरा मीटर धांवतो, विहिरीवरचा अवघा तीन. शिवाय तिच्यांत वंगण पंपाच्या दाबानें क्रँकच्या पोटांतील बारीक भोंकांतून फिरतें. म्हणून एका बेअरिंगचा चुरा झाला कीं तो सर्वत्र पोंचतो. तें एक बेअरिंग बदलून भागत नाहीं. सर्व मार्ग उघडून, बुचें काढून धुवावे लागतात. क्रँक घासतांना उडालेली खर त्या भोंकांत राहिली तर नवें इंजिन पहिल्याच फेरफटक्यांत जुनें होतें. अशा गाडीचें मूळ इंजिन फेंकून नवें बसविणें सोपें खरें. पण मग ती गाडी तीच राहिली असें कोणी म्हणूं नये.

विहिरीवरच्या इंजिनाचें काम त्या मानानें सोपें, आणि सुटे भाग अजून मिळतात. जोडणी झाल्यावर तें पहिले कांहीं तास हलक्या भारावर चालवावें, आणि लगेच वंगण बदलावें. नव्या भागांची पहिली झीज त्यांतच उतरलेली असते. दट्ट्या नवा, क्रँक गोल, बेअरिंग घट्ट, इतकें होऊनहि थंड करणाऱ्या पाण्याची व्यवस्था जुनीच राहिली तर पुढच्या वैशाखांत मिस्त्रीची पुन्हा गांठ आहे. एक तर वेगळी टांकी करावी. तें न परवडल्यास इंजिनांतून फिरून निघणारें पाणी पाटांत बुडालेल्या नळीनें न सोडतां उंचावरून, उघड्यावर, बांधावरून दिसेल असें पाडावें. ती धार तुटली रे तुटली कीं पोरानेंहि धांवत जाऊन इंधनाची कळ बंद करावी.