कन्सोल घ्यायचा... पण किती ‘जीबी’चा?

व्हिडीओ गेमच्या यंत्राची किंमत खोक्यावर छापलेली असते. त्यावर खरा खर्च किती होणार, हे मात्र खोकं घरी आणून फोडल्यावर कळतं. म्हणूनच नवा कन्सोल बाजारात आला की घराघरात वाद सुरू होतो : महागाचा घ्यायचा की स्वस्तातला, डिस्कचा की बिनडिस्कचा?

फ्रीज घ्यायचा तर माणसं किती लिटरचा ते विचारतात. वॉशिंग मशीन घ्यायचं तर किती किलोचं ते बघतात. घरात माणसं किती, पाहुण्यांचा राबता किती, असा सगळा हिशेब करूनच दुकानाची पायरी चढतात. पण मुलांसाठी गेम कन्सोल घ्यायची वेळ आली की हा व्यवहारीपणा कुठे जातो, कोण जाणे! वडील फक्त किंमत विचारतात आणि मुलगा फक्त नाव सांगतो. आत जागा किती, डिस्क घालायची सोय आहे की नाही, हे प्रश्न निघतात ते पैसे मोजून झाल्यावर.

मोठ्या शहरात राहणाऱ्याला ही चूक एक वेळ निस्तरता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरता येतात, जुनं विकून नवं घेता येतं. पण गाव लहान असलं तर? चेन्नईच्या उत्तरेला सुमारे ४५ किलोमीटरवर, आंध्रच्या सीमेजवळचं गुम्मिडिपूंडी घ्या. आपल्याकडे जशी एमआयडीसी, तशी तामिळनाडूत ‘सिपकॉट’. तिची मोठी औद्योगिक वसाहत या गावाला लागून आहे. समजा, पुण्याच्या कारखान्यातून इथे बदली होऊन आलेलं एक मराठी कुटुंब आहे. आई-बाबा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि नववीतला मुलगा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा मोठा बाजार म्हणजे चेन्नईतली रिची स्ट्रीट. तिथे जायचं तर लोकलने तासाभराहून जास्त प्रवास. त्यामुळे जे घ्यायचं ते एकदाच आणि विचार करून. अशा घरात कोणते प्रश्न निघतील?

कॅसेटच्या अदलाबदलीचे दिवस

आज चाळिशीत असलेल्या आई-बाबांना व्हिडीओ गेम म्हटलं की कॅसेट आठवते. नव्वदच्या दशकात जपानी निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल असलेली यंत्रं भारतभर खपली. टीव्हीला वायर जोडायची, वरून पिवळी किंवा निळी कॅसेट खोचायची, चालली नाही तर फुंकर मारून पुन्हा खोचायची आणि ‘मारिओ’ किंवा ‘कॉन्ट्रा’ सुरू! एका कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात तेच पाच-दहा खेळ पुन्हा पुन्हा निघायचे, पण तक्रार कोण करतो?

त्या काळात अस्सल माल मात्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होता. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने जपानच्या ‘सेगा’चा मेगा ड्राइव्ह हा कन्सोल भारतात आणला. अशा वस्तूंवर तेव्हा ८० टक्के आयात कर होता. यंत्राची किंमत होती १८,००० रुपये! तेव्हाच्या मध्यमवर्गीय पगारात हा आकडा ऐकूनच माणसं दुकानातून परत फिरत.

पण त्या कॅसेटचा एक मोठा गुण होता. ती वस्तू होती. शेजारच्या बंड्याला आठवडाभर देता यायची, त्याची आपल्याकडे आणता यायची, कंटाळा आला तर दुकानात थोडे पैसे भरून बदलता यायची. चाळीतल्या पाच मुलांकडे दोन-दोन कॅसेट असल्या की प्रत्येकाकडे दहा खेळ झाले. आजच्या सगळ्या वादाच्या मुळाशी हीच अदलाबदल आहे.

चार हजारांचा फरक

एकाच यंत्राची दोन खोकी, दोन किमती, हा प्रकार भारतात ठळकपणे दिसला तो २००६ मध्ये. त्या वर्षी २५ सप्टेंबरला मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स ३६०’ इथे विकायला आणला. जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराजसिंग! साध्या ‘कोअर’ प्रकाराची किंमत १९,९९० रुपये आणि २० जीबीची हार्ड डिस्क असलेल्याची २३,९९०.

चार हजार वाचले म्हणून कोअर घेणाऱ्याला घरी गेल्यावर कळायचं, की खेळ अर्धवट सोडून उद्या तिथूनच पुढे खेळायचा तर तो साठवायला यंत्रात जागाच नाही. त्यासाठी मेमरी कार्ड वेगळं घ्या. जुन्या एक्सबॉक्सचे गेम चालवायचे? त्याला हार्ड डिस्क हवी. तीही मायक्रोसॉफ्टच्याच ठरावीक खोबणीत बसणारी, बाजारातली कुठलीही नाही.

पुढच्या वर्षी, २७ एप्रिल २००७ रोजी, सोनीचा ‘प्लेस्टेशन ३’ भारतात आला. किंमत ३९,९९० रुपये, आत ६० जीबी. जवळपास दुप्पट किंमत ऐकून लोक चक्रावले. पण या यंत्रातली हार्ड डिस्क साध्या लॅपटॉपची होती. जागा कमी पडली तर चार स्क्रू काढून मोठी डिस्क स्वतः बसवता यायची. म्हणजे किमतीच्या वादात एक मुद्दा तेव्हापासूनच होता : आज कितीला मिळतो एवढंच पुरेसं नाही, उद्या वाढवायला किती पडेल तेही बघायला हवं.

४९,९९० कुठून आले?

गुम्मिडिपूंडीच्या बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला : “अमेरिकेत स्वस्त आणि आपल्याकडे महाग, असं का?”

‘प्लेस्टेशन ५’चं उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२० मध्ये तो परदेशात आला तेव्हा अमेरिकेत डिस्कच्या यंत्राला ४९९ डॉलर पडत. भारतात तो आला २ फेब्रुवारी २०२१ रोजी, ४९,९९० रुपयांना. बिनडिस्कचा ‘डिजिटल एडिशन’ ३९,९९० रुपयांना. डॉलर तेव्हा साधारण ७३ रुपयांचा. म्हणजे नुसता गुणाकार केला तर साडेछत्तीस हजारांच्या आसपास रक्कम येते. मग बाकीचे तेरा-साडेतेरा हजार?

अमेरिकेतल्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. आपल्या छापील किमतीत जीएसटी आधीच असतो. जुलै २०१७ मध्ये कन्सोलवर २८ टक्के जीएसटी लागला होता, तो १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के झाला. त्या दराने ४९,९९० मधले सुमारे ७,६२५ रुपये जीएसटीचेच. उरलेल्या फरकात आयात कर, वाहतूक आणि दुकानदाराचा वाटा.

तरीही १२ जानेवारी २०२१ रोजी आगाऊ नोंदणी उघडली आणि काही मिनिटांत माल संपला! मग ज्यांना धीर नव्हता त्यांनी छापील किमतीपेक्षा जास्त मोजून ‘ग्रे मार्केट’मधून तोच कन्सोल घेतला. अशा खरेदीत कंपनीच्या वॉरंटीची खात्री नसते.

८२५ मधले ६६७

मुलाचा पहिला प्रश्न वेगळा असेल : “आत किती जीबी?” पण खोक्यावरचा आकडा पूर्ण आपला नसतो. प्लेस्टेशन ५ वर लिहिलेले ८२५ जीबी, पण यंत्राची स्वतःची व्यवस्था जागा खाते आणि गेमसाठी उरतात सुमारे ६६७. मायक्रोसॉफ्टच्या ‘सिरीज एक्स’मध्ये १ टीबीपैकी साधारण ८०२ जीबी हाती येतात. ‘सिरीज एस’मध्ये ५१२ पैकी फक्त ३६४. फ्लॅटच्या कार्पेट एरिया आणि बिल्ट-अप एरियासारखाच हा प्रकार!

एक मोठा गेम शंभर जीबी धरला तर ‘सिरीज एस’मध्ये एका वेळी तीन बसतात, प्लेस्टेशन ५ मध्ये सहा, ‘सिरीज एक्स’मध्ये आठ. २०१९ चा ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’ तर वाढत वाढत दोनशे जीबीच्या पुढे गेला होता. असा एक गेम घरात आला की बाकीच्यांनी बाहेर झोपायचं.

“मग आपण डिस्कवाला घेऊ, म्हणजे जागा लागणार नाही,” असं आई म्हणेल. इथेच बहुतेकांची फसगत होते. डिस्क घातली तरी पूर्ण गेम यंत्रात उतरवून घ्यावाच लागतो. डिस्क ही आता कुलपाच्या किल्लीसारखी आहे. ती घातल्याशिवाय खेळ उघडत नाही, पण सामान सगळं आतच ठेवायचं.

जागा वाढवता येते, पण रीत वेगवेगळी. प्लेस्टेशन ५ मध्ये सप्टेंबर २०२१ पासून कॉम्प्युटरची एम.२ जातीची वेगवान एसएसडी बसवता येते. कुठल्याही कंपनीची चालते, मात्र वेग आणि माप बघून घ्यावी लागते. ‘सिरीज एक्स’ आणि ‘एस’ला खास त्यांच्यासाठी बनवलेलंच कार्ड लागतं. २०२० मध्ये १ टीबीच्या अशा कार्डाची किंमत अमेरिकेत २१९.९९ डॉलर होती. साधी यूएसबी हार्ड डिस्क दोन्हींना जोडता येते, पण नव्या पिढीचे गेम तिच्यावरून चालत नाहीत, फक्त साठवता येतात. तरी तिचा उपयोग आहेच. शंभर जीबीचा गेम पुन्हा डाउनलोड करण्यापेक्षा माळ्यावरून उतरवल्यासारखा आत घेणं कितीतरी लवकर होतं.

दहा हजार वाचले की गेले?

आता मुख्य वाद. २०२१ मध्ये डिस्कचं यंत्र ४९,९९० रुपयांना होतं आणि बिनडिस्कचं ३९,९९० रुपयांना. दहा हजार ही काही थोडी रक्कम नाही. कॉलेजातली मुलगी म्हणेल, “बाबा, डिजिटलच घ्या. सीडी आता कोण वापरतं?”

२०२१ मध्ये सोनीच्या मोठ्या नव्या गेमची किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत होती. वर्षाला तीन गेम धरले तर पाच वर्षांत पंधरा, म्हणजे ७४,९८५ रुपये. यंत्राच्या दीडपट! या पंधरापैकी प्रत्येक गेमची डिस्क खेळून झाल्यावर समजा दीड हजाराला विकली, तर २२,५०० रुपये परत आले. सातव्या डिस्कलाच दहा हजारांचा फरक भरून निघतो. शिवाय मित्राकडून आणलेली, जुन्या बाजारातून घेतलेली डिस्क वेगळीच. डाउनलोड केलेला गेम मात्र खात्याला बांधलेला असतो. तो डिस्कसारखा विकता येत नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. ऑनलाइन दुकानात सेल लागतात, तेव्हा जुने गेम निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. महिन्याची वर्गणी भरली तर अनेक गेम खेळायला मिळतात, पण वर्गणी थांबली की तेही थांबतात. रिची स्ट्रीटपासून लांब राहणाऱ्याला लोकलचा हेलपाटा वाचतो. मात्र इंटरनेट दमदार हवं. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर शंभर जीबी उतरायला साडेपाच तास लागतात, १०० एमबीपीएसवर सव्वादोन. घरात मोबाइलच्या डेटावरच भागत असेल तर बिनडिस्कचं यंत्र घेण्याआधी दहादा विचार करावा.

आणि ऑनलाइन दुकान कायमचं उघडं राहतं, असंही नाही. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये ‘वी यू’ आणि ‘थ्रीडीएस’ या यंत्रांची दुकानं बंद केली. एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झालं. आधी घेतलेले गेम लगेच गेले नाहीत, पण नवे घेण्याचा तो दरवाजा मिटला. डिस्क असलेल्यांना जुना बाजार तरी उरला.

थांबलं तर स्वस्त होईल?

“दोन वर्षं थांबू, भाव उतरेल,” हा वडीलधाऱ्यांचा सल्ला पूर्वी अचूक ठरायचा. आता त्याची खात्री राहिलेली नाही. प्लेस्टेशन ५ ची किंमत नोव्हेंबर २०२२ मध्ये उतरण्याऐवजी पाच हजारांनी चढली, ५४,९९० आणि ४४,९९० झाली. एप्रिल २०२४ मध्ये त्याच किमतीत सडपातळ नवा प्रकार भारतात आला, तेव्हा जागा मात्र १ टीबी झाली होती. म्हणजे थांबणाऱ्याला रुपये वाचले नाहीत, जीबी मिळाले. या नव्या प्रकारात बिनडिस्कच्या यंत्राला डिस्कचा भाग नंतर जोडता येईल, अशी रचनाही आहे.

५ जून २०२५ रोजी आलेल्या निन्टेन्डोच्या ‘स्विच २’वरूनही जगभर असाच वाद झाला. अमेरिकेत किंमत ४४९.९९ डॉलर, आत २५६ जीबी. २०१७ च्या पहिल्या स्विचच्या ३२ जीबीच्या आठपट. पण जुनी मायक्रोएसडी कार्डं गेमसाठी चालत नाहीत, महागडी ‘एक्स्प्रेस’ जातीची लागतात. आणखी एक गंमत म्हणजे काही गेमच्या कार्डात गेमच नसतो. असते ती फक्त किल्ली, खेळ इंटरनेटवरून उतरवायचा! कॅसेट हातात आहे, पण तिच्यात खेळ नाही, हे ऐकून नव्वदच्या दशकातली मुलं कपाळाला हात लावतील. निदान किल्ली तरी बंड्याला देता येते, एवढंच समाधान.

मग गुम्मिडिपूंडीच्या त्या घराने काय करावं? चेन्नईची लोकल पकडण्याआधी चौघांनी जेवणाच्या टेबलावर कागद-पेन घेऊन बसावं आणि पाच गोष्टी लिहाव्यात. वर्षाला गेम किती घेणार? मित्रांशी अदलाबदल होणार का? घरातल्या इंटरनेटचा वेग किती? खोक्यावरचे नव्हे, प्रत्यक्ष वापरायला मिळणारे जीबी किती आणि ते वाढवायला किती पडतील? वॉरंटी आणि पक्कं बिल मिळणार का?

गेम भरपूर आणि मित्रही भरपूर असतील, तर डिस्कचं यंत्र महाग वाटलं तरी स्वस्त पडतं. वर्षाला एखाद-दुसराच गेम, तोही सेलमधला, आणि इंटरनेट चांगलं असेल, तर बिनडिस्कचं पुरतं. कागदावरची उत्तरं लिहून झाली की नववीतल्या मुलालाच बेरीज करायला सांगावी. एवढे मोठे आकडे त्याने स्वतः मिळवले, की पुढचा गेम मागताना तो आपणहून किंमत विचारेल.